बंदुकीचे कुलूप आणि कराचा हिशेब

शस्त्र परवान्यासाठी अर्ज करणाऱ्या नागरिकाकडून शासन जी कागदपत्रे घेते, त्यांत ओळखीचा व रहिवासाचा पुरावा आणि वैद्यकीय दाखला यांच्या बरोबरीने हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याची व सुरक्षित ठेवण्याची लेखी हमीही असते. ‘शस्त्र नियम, 2016’ लागू झाल्यापासून ही हमी परवाना देण्याच्या प्रक्रियेचा भाग झाली आहे, आणि हत्यार हरवले किंवा चोरीला गेले तर जवळच्या पोलीस ठाण्याला विनाविलंब कळवण्याची जबाबदारीही परवानाधारकावरच टाकलेली आहे. मात्र ही हमी ज्या कपाटाच्या, तिजोरीच्या किंवा कुलपाच्या आधाराने पाळायची, त्या वस्तूंच्या खरेदीवर 18 टक्के वस्तू व सेवा कर द्यावा लागतो, आणि त्या बाबतीत बंदूक ठेवण्याचे कपाट व कपडे ठेवण्याचे कपाट यांत कर कायदा कोणताही भेद करत नाही. कायद्याने सक्तीच्या केलेल्या सुरक्षेवर कर असावा का, नसावा तर तो कोणी आणि कसा माफ करायचा, हा प्रश्न अमेरिकेतील काही राज्यांनी आपापल्या परीने सोडवला आहे. महाराष्ट्रात तो अजून नीट मांडलाही गेलेला नाही. पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तो मांडण्यासारखी परिस्थिती निश्चितच आहे.

या दोन्ही जिल्ह्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीत आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. त्याच्या कडेने साताऱ्यातील पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि सांगलीतील शिराळा या तालुक्यांची गावे पसरलेली आहेत. भात, नाचणी, भुईमूग आणि खालच्या अंगाला ऊस घेणाऱ्या या गावांना रानडुकरे, गवे, वानरे आणि साळिंदरे यांचा उपद्रव नवा नाही. ‘शस्त्र अधिनियम, 1959’ याच्या तेराव्या कलमात पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू व छर्रे भरायच्या बंदुकीचा, स्वतंत्र उल्लेख आहे आणि अशा खऱ्या गरजेसाठी परवाना द्यावा अशी तरतूद आहे. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच लांबीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची तरतूदही तिथेच आहे. सातारा आणि सांगली येथे पोलीस आयुक्तालय नसल्यामुळे हे परवाने देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कायद्याच्या भाषेत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आहे, आणि त्यांच्या कार्यालयाची गृह शाखा त्याचे दप्तर सांभाळते.

परंतु बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याला सर्वोच्च संरक्षण आहे, तर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत असल्याने उभ्या पिकाला धोका झाल्यास वन विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याने लेखी परवानगी दिली तरच त्याला मारता येते. परिणामी कायदा पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या बंदुकीचा बार वर्षातून क्वचितच निघतो आणि बाकीचा सगळा काळ ती घरातच असते. बंदुकीच्या सुरक्षिततेची चर्चा ती चालवण्याभोवतीच घुटमळत राहते. वास्तविक ती जिथे पडून असते त्या जागेचा प्रश्न कितीतरी मोठा आहे, कारण घरातील अल्पवयीन मुलाच्या हाती ती लागणे, रागाच्या किंवा नैराश्याच्या क्षणी ती सहज उपलब्ध असणे आणि घर बंद असताना ती चोरीला जाणे, हे तिन्ही धोके त्या जागेशी निगडित आहेत.

राखणीच्या बंदुकीचीच गोष्ट जवळून पाहिली तर हे अधिक स्पष्ट होते. ठासणीच्या बंदुकीत आधी दारू, मग बोळा, मग छर्रे असे क्रमाने गजाने ठासावे लागतात, आणि एकदा भरलेली बंदूक बार काढल्याशिवाय सहजासहजी रिकामी होत नाही. त्यामुळे पीक पोटरीला आले की ती भरून ठेवण्याकडे कल होतो आणि ती घराच्या आढ्याला, माळ्यावर किंवा खुंटीला तशीच राहते. नळीच्या मागच्या टोकाला बसवलेल्या छोट्या तांब्या-पितळेच्या केपवर घोडा आपटला की दारू पेटते, म्हणून केप काढून ती वेगळ्या ठिकाणी कुलपात ठेवणे ही पहिली काळजी ठरते. चापाला, म्हणजे बोटाने ओढायच्या खटक्याला, दोन्ही बाजूंनी आवळून बसणारे कुलूप बाजारात मिळते. परंतु असे कुलूप भरलेल्या बंदुकीला लावणे धोक्याचे असते, कारण ते बसवताना चाप दाबला जाऊ शकतो. बारा बोअरच्या काडतुसी बंदुकीसाठी नळीतून ओवायचे पोलादी तारेचे कुलूप चालते, पण ठासणीच्या नळीचे मागचे टोक बंद असल्याने ते तिथे निरुपयोगी ठरते. तात्पर्य, या भागात सर्वाधिक गरज आहे ती बंदूक रिकामी करून घरात आणण्याच्या शिस्तीची आणि ती आत मावेल अशा कुलूपबंद लोखंडी कपाटाची.

मावण्याचा प्रश्नही लहान नाही. दुनळी बारा बोअर जोडलेल्या अवस्थेत सुमारे पावणेचार ते चार फूट लांब असते, आणि घरोघरी असलेल्या साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद कपाटात आडव्या फळ्या असल्यामुळे ती उभी राहत नाही. तिच्या नळ्या, दस्ता आणि नळ्यांखालची लाकडी पट्टी सुटी केली तर अठ्ठावीस-तीस इंचांच्या नळ्या त्याच कपाटाच्या फळीवर आडव्या बसतात, आणि सुटी केलेली बंदूक चोराच्या किंवा मुलाच्या हाती लागली तरी लगेच चालवता येत नाही, हा दुहेरी लाभ मिळतो; काडतुसे मात्र आतल्या लॉकरमध्ये निराळ्या किल्लीखाली ठेवावी लागतात. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या महाबळेश्वरच्या परिसरात आणखी एक अडचण येते: चामड्याच्या किंवा कापडी खोळीत बंद केलेली बंदूक ओल धरून गंजते, म्हणून तेल लावून ती खोळीविना ठेवावी लागते आणि कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्या लागतात. जत, आटपाडी किंवा माण-खटावच्या कोरड्या हवेत हा खर्च वाचतो. सुरक्षा साहित्य म्हणजे नेमके काय, याची यादी मुंबई-दिल्लीत बसून केली तर अशा गोष्टी तिच्यातून हमखास सुटतात.

शेतकऱ्यांखेरीज या जिल्ह्यांत परवानाधारकांचा दुसरा ठळक वर्ग माजी सैनिकांचा आहे. सैनिकी परंपरेने ओळखले जाणारे अपशिंगे हे गाव साताऱ्यात आहे आणि देशातील पहिली सैनिक शाळाही 1961 मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. सैन्यातून निवृत्त झालेले अनेक जण स्वतःच्या नावावरील बारा बोअर घेऊन बँकांमध्ये आणि कारखान्यांत सुरक्षारक्षक म्हणून काम करतात. बंदूक हेच त्यांच्या रोजगाराचे साधन असते आणि पाळी संपली की ती त्यांच्यासोबत भाड्याच्या खोलीत किंवा गावच्या घरी येते. हत्यार कसे हाताळायचे हे त्यांना शिकवावे लागत नाही, परंतु महिन्याच्या तुटपुंज्या पगारातून तिजोरी घेणे त्यांनाही जड जाते.

कराचा भाग समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रे, दारूगोळा व स्फोटके हा विषय केंद्राच्या सूचीत आहे, तर वस्तूंच्या विक्रीवरील कर हा राज्यांच्या सूचीत होता. म्हणजे बंदूक कोणाला द्यायची आणि ती कशी ठेवायची हे दिल्लीने ठरवायचे आणि ती ठेवायच्या कपाटावर किती कर घ्यायचा हे मुंबईने, अशी विभागणी होती. योगायोग असा की आजचा शस्त्र अधिनियम आणि मुंबई विक्रीकर अधिनियम हे दोन्ही कायदे 1959 सालचेच आहेत, तरी त्यांची एकमेकांशी कधी गाठ पडली नाही. 1 एप्रिल 2005 पासून महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर आला, तेव्हा त्या कायद्याच्या ‘अ’ अनुसूचीत करमुक्त वस्तूंची यादी होती आणि शासन अधिसूचना काढून अनुसूचींत बदल करू शकत असे. त्या बारा वर्षांत मंत्रालयाने मनात आणले असते तर बंदुकीच्या तिजोऱ्या आणि चापाची कुलपे या यादीत घालणे राज्याच्या हाती होते.

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर ते स्वातंत्र्य संपले. आता एखादी वस्तू करमुक्त करायची तर केंद्र आणि राज्ये मिळून बनलेल्या वस्तू व सेवा कर परिषदेची शिफारस लागते. परिषदेतील मतांपैकी एक तृतीयांश वजन केंद्राचे आणि दोन तृतीयांश सर्व राज्यांचे मिळून असते, आणि ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश बहुमत लागते. त्यामुळे केंद्राच्या विरोधात ठराव होऊ शकत नाही आणि एकट्या महाराष्ट्राच्या इच्छेनेही तो होत नाही. सध्याच्या दरांकडे पाहिले तर शासनाचा दृष्टिकोन अर्धवट दिसतो. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुले 28 टक्क्यांच्या सर्वोच्च गटात होती, ती 22 सप्टेंबर 2025 पासून महागड्या मोटारींसोबत 40 टक्क्यांच्या गटात गेली. शिकारीच्या व ठासणीच्या बंदुका, काडतुसे, कुलपे, लोखंडी कपाटे आणि तिजोऱ्या या सगळ्यांवर 18 टक्के कर आहे. म्हणजे हाती लपणाऱ्या हत्याराला जबर कर लावून परावृत्त करण्याचा विचार झालेला आहे, परंतु हत्यार घेतलेल्याला ते नीट ठेवायला उत्तेजन देण्याचा विचार झालेला नाही.

अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर विक्रीकर नसल्याने तिथल्या राज्यांना हा निर्णय स्वतंत्रपणे घेता येतो. वॉशिंग्टन राज्याने 1998 मध्ये बंदुकीच्या तिजोऱ्यांना विक्रीकरातून सूट दिली. व्हर्जिनियाने 2020 पासून 1,500 डॉलरपर्यंतच्या तिजोऱ्या करमुक्त केल्या. टेक्साससारख्या बंदूकप्रेमी राज्याने 2021 मध्ये आणि मिशिगनने 2024 मध्ये सुरक्षा साहित्याला अशी सवलत दिली. बंदुकीच्या मालकीवरून टोकाचे मतभेद असलेल्या त्या देशात दोन्ही बाजूंना मान्य होणारा हा थोडक्या मुद्द्यांपैकी एक आहे, कारण त्यातून कोणाची बंदूक काढूनही घेतली जात नाही आणि बंदुकीला उत्तेजनही मिळत नाही. या कायद्यांतील खरा कस व्याख्येत लागला. बंदूक ठेवण्यासाठी मुद्दाम बनवलेली किंवा बदललेली आणि कुलूप असलेली पेटी, अशी मर्यादा घातली नसती तर दागिन्यांच्या तिजोऱ्याही करमुक्त झाल्या असत्या. हीच व्याख्या जशीच्या तशी इकडे आणली तर मात्र ती पाटणच्या शेतकऱ्याला निरुपयोगी ठरेल, कारण तो बंदुकीसाठी खास तिजोरी घेणार नाही. तो घेईल ते कराडच्या किंवा शिराळ्याच्या दुकानातले साधे लोखंडी कपाट, ज्यात बंदुकीशेजारी जमिनीची कागदपत्रे आणि घरातल्या बायकांचे डागही राहतील.

दुसरी अडचण करमुक्तीच्या गणितातच दडलेली आहे, आणि ती सामान्य ग्राहकाच्या लक्षात येत नाही. कारखानदाराने कपाटासाठी घेतलेल्या पत्र्यावर, रंगावर आणि कुलपावर जो कर भरलेला असतो, तो कपाट विकताना गोळा केलेल्या करातून वजा करायची त्याला मुभा असते. यालाच इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. कपाट करमुक्त झाले की ही वजावट बंद होते आणि आधी भरलेला कर किमतीत मिसळून जातो. उदाहरणादाखल, कपाटाची करापूर्वीची किंमत 12,000 रुपये आणि त्यातील कच्च्या मालाची किंमत 7,000 रुपये धरली, तर आज ग्राहकाला 2,160 रुपये करासह 14,160 रुपये द्यावे लागतात. करमाफी झाल्यावर कच्च्या मालावरचे 1,260 रुपये किमतीत राहतात आणि कपाट 13,260 रुपयांना पडते; म्हणजे कागदावर 2,160 रुपयांची दिसणारी सवलत हातात येईपर्यंत 900 रुपयांची उरते. परिषदेच्या 21 जुलै 2018 रोजीच्या बैठकीत सॅनिटरी नॅपकिन करमुक्त झाले तेव्हा उत्पादकांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता. चापाच्या कुलपासारख्या काही शे रुपयांच्या वस्तूवर तर ही बचत जेमतेम एसटीच्या एका फेरीच्या तिकिटाएवढी होईल, आणि तेवढ्यासाठी कोणी कुलूप विकत घेईल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

म्हणून या दोन जिल्ह्यांपुरते बोलायचे तर परिषदेपुढे करमाफीची मागणी करत बसण्यापेक्षा राज्याने आपल्या हातातील साधने वापरणे अधिक फलदायी ठरेल. राज्य कर माफ करू शकत नसले तरी आपल्या वाट्याला आलेला कर, म्हणजे 18 पैकी 9 टक्के, परत देऊ शकते, आणि याला महाराष्ट्रात पूर्वाधार आहे. उद्योगांना प्रोत्साहन म्हणून राज्य वस्तू व सेवा कराचा परतावा अनेक वर्षे दिला जातो. आणि साताऱ्याच्या जावळी खोऱ्यातील गोडोलीशी नाते सांगणाऱ्या तानाजी मालुसरे यांच्यावरील हिंदी चित्रपटासाठी जानेवारी 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिकिटावरील राज्याच्या हिश्श्याचा भार स्वतः उचलण्याचा निर्णय घेतला होता. जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी राज्य अनुदान देते, तेही पिकांच्या राखणीसाठीच असते. कुंपणाला अनुदान आणि त्याच राखणीसाठी परवाना दिलेल्या बंदुकीच्या कपाटाला पूर्ण कर, ही विसंगती दूर करायला नवा कायदा लागत नाही.

लाभार्थी ओळखणेही अवघड नाही. देशातील शस्त्र परवाने आता राष्ट्रीय माहितीकोशात नोंदवलेले असून प्रत्येक परवानाधारकाला स्वतंत्र ओळख क्रमांक दिला जातो. त्याखेरीज वन्यजीव कायद्याच्या चौतिसाव्या कलमानुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी आपली नोंद वन विभागाकडे करायची असते आणि त्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. म्हणजे कोयना आणि चांदोलीच्या भोवताली कोणाच्या घरी बंदूक आहे याची यादी दोन-दोन सरकारी खात्यांनी ठेवणे कायद्यालाच अपेक्षित आहे. अशा यादीतील राखणीच्या परवानाधारकाला आणि सुरक्षारक्षकाचे काम करणाऱ्या माजी सैनिकाला कपाटाच्या पावतीवर ठरावीक रक्कम थेट बँक खात्यात दिली, तर दागिन्यांची तिजोरी करमुक्त होण्याची भीती उरत नाही आणि बंदुकीसाठी खास कपाट की साधे, या व्याख्येच्या वादातही पडावे लागत नाही.

याला जोडून निवडणुकीच्या काळातील अनुभव लक्षात घ्यायला हवा. आचारसंहिता लागली की जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची समिती परवान्यांचा आढावा घेते आणि ज्यांच्याबाबत आवश्यक वाटेल त्यांची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. 2024 मध्ये 7 मे रोजी सातारा व सांगलीत लोकसभेसाठी आणि 20 नोव्हेंबर रोजी विधानसभेसाठी मतदान झाले. त्यातील दुसरी आचारसंहिता 15 ऑक्टोबरला, म्हणजे पाटण-जावळीत भात कापणीला आलेले असतानाच लागली. शांततेसाठी हत्यारे जमा करण्याची गरज कोणी नाकारणार नाही, पण राखणीची बंदूक राखणीच्याच हंगामात ठाण्यात जाते हेही तितकेच खरे आहे. परवानाधारकाच्या घरी तपासणी करून प्रमाणित केलेले कुलूपबंद कपाट आहे ही बाब या समितीने विचारात घ्यायची ठरवली, तर ज्याच्यावर गुन्हा नाही आणि ज्याची बंदूक नीट बंदोबस्तात आहे अशा शेतकऱ्याला ती घरी ठेवू देण्याला एक वस्तुनिष्ठ आधार मिळेल, आणि कपाटावर खर्च करण्याला कोणत्याही करसवलतीपेक्षा मोठे कारण मिळेल.

2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली आणि एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या हत्यारांची संख्या तीनवरून दोनवर आणली. मुदत वाढल्याने परवानाधारकाचे हेलपाटे वाचले, परंतु त्याचबरोबर घरातील व्यवस्था पाहण्याची ठरलेली संधीही पाच वर्षांतून एकदाच येऊ लागली. नूतनीकरणाच्या अर्जासोबत कपाटाचे छायाचित्र व खरेदीची पावती मागावी, बीट हवालदाराने घरी जाऊन काडतुसे निराळ्या कुलपात आहेत का हे पाहावे, आणि त्या अहवालावरच अनुदान खात्यात जमा व्हावे, एवढी व्यवस्था सातारा आणि सांगलीच्या गृह शाखांना आजच्या मनुष्यबळात बसवता येण्यासारखी आहे. लागणारा पैसा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून एका वर्षाच्या प्रायोगिक योजनेसाठी काढता येईल आणि सुरुवात पाटण व शिराळा या दोन तालुक्यांपासून करता येईल.